अंबादासकाकांचं रंगवलेलं शिसं

आमचे शेजारी अंबादासकाका कमरेला नेलपॉलिश लावलेलं शिसं बांधून विहिरीत उतरत.

शहागडात कुणाची बादली, घागर विहिरीत पडली की काकांना बोलावणं येई. तळाशी लवकर जाता यावं म्हणून त्यांनी हायवेवरच्या गॅरेजमधून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं आणून पट्ट्यात ओवायच्या वड्या पाडल्या होत्या. बरीच वर्षं सुखात गेली. मग त्यांनी पेपरात वाचलं, की शिसं पाण्यात उतरतं आणि लहान लेकरांच्या डोक्यावर परिणाम करतं. झालं!

आधी ऑइलपेंट लावला. तो पहिल्याच बुडीत दगडाला घासून निघाला. मग बाजारातून नेलपॉलिशच्या डझनभर बाटल्या आल्या. विधुर माणूस, त्यामुळे गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच. काका मात्र "पाणी लेकरं पेतेत," म्हणत तिसरा हात मारत बसलेले. परीक्षा म्हणून एक वडी आठ दिवस तांब्यात बुडवून ओट्यावर ठेवत. एकदा ग्रामसेवकांनी तहानेनं तोच तांब्या तोंडाला लावला. काकांनी त्यांना मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं, तेव्हाच सोडलं.

एका उन्हाळ्यात शाळेच्या विहिरीत पाणी उपसायची मोटार पडली. मी त्याच शाळेत मास्तर. पोरं तहानलेली, सरपंच घायकुतीला आलेले आणि काका घरी वड्यांवर फुंकर घालताहेत.

"काका, जल्दी करा की!" सरपंच दारातूनच म्हणाले.

"रंगाचा हात वल्ला हाय अजून. बिलकुल उतरनार न्हाई."

"वल्ला का वाळला, खाली कोन बघून राह्यलंय?" सरपंच ओरडले.

शेवटी काका आले ते पोटाला घरचा पाटा बांधून! सगळे हसले, मी तर बसकणच मारली. काकांनी तळाशी जाऊन मोटारीला दोर बांधला, मोटार वर आली, पण पाट्यानं त्यांच्या पोटाची सालटी निघाली.

संध्याकाळी मी हळद-खोबरेल घेऊन गेलो. काका त्यांच्या लेकीची, सुमनची वेणी घालत होते. सुमन पंचविशीची, पण तिला दहापर्यंतही मोजता येत नाही.

"एकदा ओलं शिसं चाललं असतं, काका."

"हिच्या जन्माआधी मी घरच्या हिरीत उघडं शिसं घेऊन रोज उतरायचो, मास्तर."

"पण ती जन्मापासूनच अशी आहे, शिशाचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले ना?"

"म्हनले." त्यांनी वेणीचा पेड घट्ट ओढला. "पर ही पोटात असताना हिची माय त्याच हिरीचं पाणी पेत व्हती. ते डॉक्टरला कुठं माहीत हाय?"

मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.