चुकीच्या घरची कलेजी

व्याह्यांना फोन न करता जायचं, हे मीच ठरवलं. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या चोल्पोन-अता गावची माणसं सगळ्यांशीच गोड बोलतात, पाहुण्यांना खोल्या देऊन पोट भरतात ना. खरा माणूस बघायचा तर भर थंडीत, तळ्यावरचा वारा कान कापत असताना. आमच्या पोरीला, जिपारला, त्यांच्या एरमेकच्या घरात जन्म काढायचाय.

"घर सापडेल का?" बायकोनं, बुरुलनं, विचारलं.

"डोळे मिटून नेतो." (नेलं तसंच.)

पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. पाट्या उतरवून ठेवलेल्या, फाटकं बर्फात अर्धी गाडलेली. (पाट्या असत्या तरी काय, अक्षरांचं नि माझं बोलणं नाही.) धूर दिसला त्या घरात घुसलो.

"आलात का? या, या, मटण गार व्हायला लागलं," दारातली बाई म्हणाली.

मी बुरुलला डोळा मारला. न सांगता येऊन बघ कसा मान. ती मागं वळून रस्त्याकडं बघत होती.

आमच्याकडं पाहुण्याला खाऊ घालायच्या आधी नाव विचारत नाहीत. मला वरच्या, मानाच्या जागी बसवलं. मेंढीच्या शेपटीची चरबी नि कलेजी आली. ती दोन्ही घरांनी मिळून खाल्ली की सोयरीक पक्की, मग कुणाच्या बापाला मोडत नाही. मी मूठभर कोंबली.

"आता नवरदेव बघा," घरधनी म्हणाला.

पडद्यामागनं एक गडी आला. मिशा माझ्याएवढ्या, टक्कल माझ्याहून मोठं.

"हा एरमेक?"

"एरमेक कोण? हा आमचा सामात."

मी ताट मागं सारलं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांचे खरे पाहुणे.

कोपऱ्यातली म्हातारी शांतपणे म्हणाली, "ज्यानं गिळली त्याचीच पोरगी या घरात येणार."

"आजी, मी भुकेपोटी खाल्ली हो."

"सगळे भुकेपोटीच खातात, बाळ."

एवढ्या थंडीत मला घाम फुटला. जिपारला काय सांगू, तुझा बाप तुला एका घासात देऊन आला? सामात माझ्याकडं बघून लाजायला लागला.

तेव्हा बुरुलनं रुमाल सोडला. आत तिच्या वाटची कलेजी, जशीच्या तशी.

"आजी, मुलीच्या आईनं तोंडाला लावली नाही. मग सोयरीक कसली?"

म्हातारीनं कलेजी बघितली, मग मला बघितलं. "याला कशी नांदवतेस गं?" म्हणाली, नि आम्हाला सोडलं.

बाहेर आल्यावर बुरुल म्हणाली, "हे फाटक हिरवं. आपलं निळं, समोरचं."

"तुला माहीत होतं?"

"शिरलात तेव्हाच. जन्मभर माझी फजिती करता, म्हटलं आज बसून बघू."

समोरच्या खिडकीत एरमेकचं अख्खं घर दाटीनं उभं. व्याह्यांनी दार उघडलं.

"बुरुलबाईंचा कालच फोन आला होता, सकाळपासनं वाट बघतोय. तुम्ही समोर घुसलात तेव्हा हाक मारणार होतो, पण बाईंनी मागं वळून ओठावर बोट ठेवलं."

मग त्यांनी कलेजीचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"घ्या, व्याही. का पहिली सोयरीक पचू द्यायची?"