पट्टेरी पडद्यावरचा भोंगा

एका जंगलात वीज आली. कशी आली हे विचारू नका, बाळांनो. गोष्टीत वाघ बोलतो तेव्हा तुम्ही काही विचारत नाही, मग विजेलाच का अडवता?

त्या जंगलात झुंबर नावाचा एक शेकरू राहत होता. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी, झुपकेदार शेपटीची खार. शेकरांची एक रीत असते. एक घरटं राहायला बांधायचं आणि आजूबाजूच्या झाडांवर आणखी चार-पाच बांधून ठेवायची. झुंबरची घरटी तर मोजता येत नसत. एकाचं तोंड उगवतीला, एकाचं मावळतीला, एकाला आत गवताचं अस्तर, एकाला पानांचं. राहायला कुठलं बरं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. म्हणून तो फांदीवरच झोपायचा.

झुंबर शिकलेला होता. शहरातल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मागच्या झाडावर त्याने काही वर्षं काढली होती आणि वर्गाची खिडकी उघडी असायची. परत येताना तो एक कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात एक प्रोग्राम होता. तारा, बॅटऱ्या, दिवे हे सगळं आधी पडद्यावर जोडून बघायचं आणि चालतंय असं दिसलं की मग खरंखुरं जोडायचं. चूक झाली तर पडद्यावर होते, शेपटी भाजत नाही. कल्पना चांगली होती.

आता जरा खाली उतरू. जंगलाच्या उतारावर गवताचं माळरान होतं आणि उन्हाळ्यात तिकडून वणवा यायचा. वणवा आला की सगुणाकाकू ओरडायची. सगुणाकाकू म्हणजे टिटवी. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून सगळ्या जगाकडे संशयाने बघते. ती ओरडली की जंगल दचकून उठायचं, तिला मनसोक्त शिव्या घालायचं आणि नदीकडे पळायचं. शिव्या घालायला सगळे जिवंत राहत ते तिच्यामुळेच, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ओरडून ओरडून काकूचा घसा बसला तो बसलाच. आवाज ओढ्यापलीकडे जाईना. यंदा तिची अंडी माळावर होती आणि गवत वाळून कडकडीत झालं होतं. एका सकाळी ती झुंबरच्या झाडाखाली आली.

"आरं झुंबर, तू शिकून आलायस म्हनं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला आता लांबवर वरडता येत न्हाई. डोळ्याला डोळा लागत न्हाई बघ. वाटतं, डुलकी घेतली आन् तेवढ्यात पेटलं तर? मी उडून जाईन. अंड्यांनी कुटं जायचं?"

झुंबरला फार वाईट वाटलं. तो मनाचा चांगला होता, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, पुढे तुमचा विश्वास बसणार नाही.

"काकू, धूर आला की आपोआप वाजेल असा भोंगा करून देतो," तो म्हणाला. "सोपं आहे. धूर ओळखणारी एक डबी, एक बॅटरी, एक भोंगा आणि मधे तारा. तुम्ही खुशाल झोपा."

"झोपू म्हनतोस?" काकूने विचारलं. तिला ते खरं वाटेना, पण डोळे मात्र ऐकूनच जड झाले.

झुंबरने त्याच दुपारी प्रोग्राम उघडला. पडद्यावर अक्षरं आली : आपल्या पसंती निवडा. त्याखाली एक लहानसं बटण होतं : आहे तसंच चालू द्या.

बाळांनो, ते बटण दाबलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याने एवढी घरटी बांधली तो 'आहे तसंच' कशाला चालू देईल? झुंबरने पसंती उघडल्या आणि त्याच्या शेपटीला आनंदाने कंप सुटला. पडद्याचा रंग बदलता येत होता. तारेची जाडी बदलता येत होती. मागे ठिपके हवेत की रेघा? ठिपके हवे असतील तर किती अंतरावर? भोंग्याचं चिन्ह गोल की चौकोनी? झुंबरने गोल केलं, लांब जाऊन बघितलं, चौकोनी केलं, आणखी लांब जाऊन बघितलं. दिवस कसे गेले ते त्याला कळलंच नाही.

तरी एका दुपारी त्याला काकूची आठवण झाली, लाज वाटली, आणि त्याने एका बैठकीत सगळी आकृती काढली. डबी, बॅटरी, भोंगा, काळ्या तारा. कळ दाबली. पडद्यावर खोटा धूर झाला आणि कॉम्प्युटरमधून भोंगा असा काही वाजला की फांद्यांवरचे पोपट उडाले. जमलं होतं! झुंबर आनंदाने तीन झाडं उड्या मारत गेला.

तेवढ्यात खालून आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

वाघसरकारांची झोप मोडली होती.

सरकार दिवाणांना घेऊन आले. दिवाण म्हणजे कोल्हा. झुंबरने घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. सरकारांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना तारांमधलं काही कळलं नाही. पण काहीतरी बोलायला तर हवंच होतं.

"मागे हा पांढरा रंग कोणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"तो आधीपासूनच असतो, सरकार."

"पांढरा म्हणजे सशांचा," दिवाण हळूच म्हणाले. "जंगलाचा भोंगा आणि मागे सशांचा रंग? लोक काय म्हणतील? आणि ही पसंती म्हणजे नक्की कोणाची पसंती, झुंबरराव? तुमची की जंगलाची?"

जंगलाची पसंती कुणी विचारलीच नव्हती. म्हणून समिती बसली. घुबडाला काळा रंग हवा होता, उजेडाने डोळे दुखतात म्हणून. हरणांना हिरवा चालणार होता. सरड्याने प्रत्येक रंगाला मनापासून पाठिंबा दिला. आकृती तयार होती. तारा बांधायला वानरं रिकामी बसली होती. पण मागचा रंग ठरल्याशिवाय आकृती बाहेर काढायची नाही, असा दिवाणांचा हुकूम होता.

सगुणाकाकू मधे एकदा चौकशीला आली.

"झालं का रं, बाबा?"

"होत आलंय, काकू. भोंगा कुठल्या रंगावर दिसणार, तेवढं ठरायचंय."

"दिसू दे की कसाबी. वाजतोय न्हवं?"

"वाजतो तर!"

"मग?"

झुंबर शेपटी विंचरायला लागला. काकूने त्याच्याकडे बघितलं, पण तिला बोलत बसायला वेळ नव्हता. अंडी उन्हात होती. ती निघून गेली आणि झुंबरला आपण एखाद्या लहान पोरासारखं खोटं बोलताना सापडलो असं वाटलं. खरं तर तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता.

शेवटी रंग ठरला. पिवळ्यावर काळे पट्टे. सूचना दिवाणांची, आनंद सरकारांचा, टाळ्या सगळ्यांच्या.

"पण तारा काळ्या आहेत," झुंबर म्हणाला. "पट्ट्यांवर दिसणार नाहीत. तारा पांढऱ्या करू का?"

"सशाच्या रंगाची तार सरकारांच्या पट्ट्यावरून नेणार?" दिवाणांनी विचारलं. तारा काळ्याच राहिल्या. मागचे ठिपकेही पट्ट्यांच्या मापाने लांब लांब ठेवावे असं ठरलं. या प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तू ठिपक्यालाच चिकटून बसते. झुंबरने अंतर बदललं आणि नव्या ठिपक्यांवर बसण्यासाठी पडद्यावरची प्रत्येक वस्तू किंचित इकडेतिकडे सरकली. भोंग्याकडे जाणाऱ्या तारेचं टोक भोंग्यापासून सुटलं. नेमक्या त्या जागी एक काळा पट्टा होता. बघणाऱ्याला तार भोंग्यापर्यंत गेलेली दिसत होती. झुंबरलाही तशीच दिसली.

सरकार पुन्हा बघायला आले. "आवाज नको," ते आधीच म्हणाले. झुंबरने पसंतीत जाऊन आवाज बंद केला आणि कळ दाबली. पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्या पाठोपाठ दुसरी. मग आणखी.

"हे काय आहे?" सरकारांनी विचारलं.

"प्रोग्राम इशारा देतोय, सरकार. कुठे काही चुकलं असेल तर..."

"चुकलं?" सरकारांच्या मिशा हलल्या. "आम्ही बघायला आल्यावर चुकलं?"

"इशारे बंद करायची काही सोय असेलच," दिवाण गोड आवाजात म्हणाले.

सोय होती. अशी सोय असतेच. 'ही सूचना पुन्हा दाखवू नका.' झुंबरचं बोट थांबलं. चौकटीत काय लिहिलंय ते एकदा वाचावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण सरकार त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे होते, आणि वाघाचा श्वास मानेवर असताना वाचन होत नाही. त्याने खूण केली. चौकटी गेल्या. पडद्यावर हिरवीगार बरोबरची खूण उमटली. तिचा अर्थ एवढाच होता की दाखवण्यासारखी सूचना उरलेली नाही. पण दिसायला ती फार सुंदर होती.

दुसऱ्या दिवशी वानरांनी आकृतीप्रमाणे काम केलं. वानरं प्रामाणिक होती. जिथे तार होती तिथे त्यांनी तार ओढली. जिथे तार संपून पट्टा सुरू होत होता तिथे त्यांनी जमिनीवर कोळशाने छान काळा पट्टा काढला, भोंग्याच्या बुडापर्यंत.

उद्घाटनाला नारळ फुटला. झुंबरला वाटलं, पालापाचोळा पेटवून एकदा भोंगा वाजवून बघावा. पण सरकारांच्या भाषणात व्यत्यय नको, असं दिवाण म्हणाले. मग त्यांनी नवा हुकूम वाचला : भोंगा बसल्यामुळे यापुढे कोणत्याही प्राण्याने किंवा पक्ष्याने वणव्याबद्दल ओरडू नये. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सगुणाकाकू झुंबरजवळ आली.

"लई उपकार झालं बघ," ती म्हणाली. "आज पाठ टेकते."

टिटवीला पाठ टेकता येत नाही, पण तिला काय म्हणायचं होतं ते झुंबरला कळलं आणि त्याला अगदी भरून आलं.

त्याच दुपारी माळाच्या टोकाला धूर दिसला.

झुंबर उंच फांदीवर बसला होता. त्याने धूर बघितला आणि कान टवकारले. आता भोंगा वाजेल, असं त्याला वाटलं. धूर जाड झाला. आता वाजेल. त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. हिरवी खूण शांतपणे चमकत होती. त्याने परत माळाकडे बघितलं. पिवळ्या गवतातून ज्वाळा पुढे येत होत्या आणि खड्यांमध्ये सगुणाकाकू अंड्यांवर मान टाकून गाढ झोपली होती. इतकी गाढ झोपलेली टिटवी त्याने जन्मात बघितली नव्हती. त्याच्या सांगण्यावरून ती झोपली होती.

शेकरांना मूळचा मोठा, खडखडीत आवाज असतो, बाळांनो. शिकल्यापासून झुंबरने तो काढला नव्हता, बरं दिसत नाही म्हणून. आता तो काढला. फांदीवरून फांदीवर, शेवटच्या झाडावरून थेट जमिनीवर, सगळ्या वाटेने तो ओरडत सुटला. जंगल दचकून उठलं, त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि नदीकडे पळालं.

काकू जागी झाली. तिने आग बघितली, झुंबरकडे बघितलं, आणि अंड्यांवरून उठली नाही.

"काकू, चला!"

"तू जा, बाबा."

तो गेला नाही. तो नदीकडे धावणाऱ्या गव्यांच्या कळपासमोर आडवा झाला आणि त्यांच्या तोंडावर ओरडला. गवे दांडगे असले तरी भित्रे. ते वळले आणि काकूच्या भोवतालचं गवत तुडवत, माती उधळत पलीकडे गेले. खड्यांच्या चहूबाजूंना उघड्या मातीचा पट्टा तयार झाला. वणवा तिथपर्यंत आला, खायला काही मिळेना म्हणून दोन्ही अंगांनी पुढे गेला आणि ओढ्याच्या वाळूत विझला. काकूचा एक पंख काळवंडला. झुंबरची शेपटी अर्धी जळाली. अंडी गरम झाली, पण शाबूत राहिली.

चौकशी समिती बसली. भोंगा का वाजला नाही, असं कोणी विचारलं नाही, कारण पडद्यावर हिरवी खूण होती. हुकूम मोडून ओरडलं कोण, एवढाच प्रश्न होता. झुंबरने कबूल केलं. मग तो धीर करून म्हणाला, "सरकार, मी भोंग्यापाशी जाऊन बघितलं. तार जोडलेलीच नव्हती. मी पट्ट्याला तार समजलो."

"म्हणजे आमच्या पट्ट्यात दोष आहे?" सरकारांनी विचारलं.

सरडा घाईघाईने पिवळा झाला.

"छे छे," दिवाण म्हणाले. "दोष तारेत आहे. तिने पट्ट्यासारखं दिसायला नको होतं. झुंबररावांनी पसंतीचं काम मात्र उत्तम केलं. त्यांना पसंतीप्रमुख करावं."

टाळ्या झाल्या. झुंबरला प्रोग्रामची नवी आवृत्ती मिळाली. ती म्हणे आणखी रंगांची होती. झुंबरने ती उघडली नाही. कॉम्प्युटर त्याने एका रिकाम्या घरट्यात ठेवला. घरटी भरपूर होतीच.

संध्याकाळी तो माळाच्या कडेच्या झाडावर येऊन बसला. खाली सगुणाकाकू टक्क डोळ्यांनी जागी होती.

"काकू, मी इथे आहे," तो म्हणाला. "झोपा."

काकूने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मागच्या वेळीही त्याने हेच सांगितलं होतं. ती झोपली नाही. झुंबरला ते फार लागलं, पण तो तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या संध्याकाळीही ती झोपली नाही. पुढे कधीतरी, अंड्यांना आतून टोचे पडायला लागायच्या सुमारास, तिने एक डोळा मिटला. दुसरा उघडाच ठेवला.

तात्पर्य : इशारा देणारं यंत्र बसवण्याआधी सगळे इशारे बंद करून घ्यावेत, म्हणजे उद्घाटन वेळेवर होतं. पट्टा आणि तार यांत फरक दिसला तर तो वाघासमोर बोलू नये. आणि बाळांनो, अंडी वाचली हे उत्तरपत्रिकेत लिहू नका. त्याला गुण नाहीत.