रॉकेलवरची भागाबाई

साक्रीचे निवृत्त मुख्याध्यापक निंबा गुरुजी यांनी १९९१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, गाडी शिकून परवाना काढला आणि धुळ्याच्या कौतिकशेठकडून बारा वर्षांची जुनी गाडी घेतली. कारण एकच. सावद्याला दिलेल्या लेकीला दिवस गेले होते आणि बाळाच्या बारशाला पत्नी इंदिराबाईंना स्वतःच्या गाडीतून नेण्याचा शब्द गुरुजी देऊन बसले होते.

"हायब्रीड शे, गुरुजी," कौतिकशेठ म्हणाला. "कपाशी ऱ्हास ना, तशी. पेट्रोलवर चालू व्हस, रॉकेलवर पयस. बठ्ठा लोके हाईच करतस."

इंजिन तापलं की पायाजवळची तोटी रॉकेलकडे फिरवायची आणि बंद करण्याआधी आठवणीने पुन्हा पेट्रोलकडे. नवशिके गुरुजी हे दुसरं हमखास विसरत. मग गाडी चालूच होत नसे. भर बाजारात गुरुजींचे माजी विद्यार्थी गाडी ढकलत, आणि पूर्वी छड्या खाल्लेले जरा जास्तच जोरात ढकलत. घरी आल्यावर गुरुजी काजळलेले प्लग घासत बसत. इंदिराबाईंची भांडी तेवढी चकचकीत नव्हती.

रॉकेल मात्र काळ्या बाजाराचं घ्यायचं नाही, असा गुरुजींचा बाणा. त्यांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत रीतसर अर्ज दिला : 'वाहनास रॉकेल मिळणेबाबत'.

तिथला कारकून आधार हा त्यांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, रॉकेल माणसाला मिळतं. रेशन कार्डावर एखादं जादा नाव असेल ना?"

"आईचं होतं. ती वारली त्याच आठवड्यात मी कमी करून घेतलं."

आधारने पेन खाली ठेवलं. "ते तुम्हीच का? नाव कमी करायचा नमुना अख्ख्या कार्यालयात सापडत नव्हता. मागितलाच नव्हता कुणी."

पण गुरूचं ऋण तो विसरला नव्हता. त्याने गाडीच कार्डावर चढवली. नाव : भागाबाई, कारण गुरुजींच्या आईची फाइल तयारच होती. वय : बारा. नातं : आश्रित. गुरुजी कळवळून म्हणाले, "अरे, आईचं नाव आहे ते!" आधार म्हणाला, "म्हणून तर चालतंय."

आठच दिवसांत नोटीस आली. नवीन नाव चढल्याने घरी तपासणी होईल, सर्व सदस्यांनी समक्ष हजर राहावे. तारीख नेमकी बारशाची. गुरुजींनी आयुष्यात नोटीस मोडली नव्हती. भागाबाईला हलवणं बेकायदेशीर ठरलं असतं. नातीसाठी शिवलेलं दुपटं मांडीवर घेऊन इंदिराबाई गाडीत बसल्या होत्या, त्या उतरल्या आणि एसटीने एकट्याच सावद्याला गेल्या. गुरुजींना फार वाईट वाटलं. त्यांनी पत्नीच्या गैरहजेरीबद्दल रजेचा अर्ज लिहून ठेवला.

निरीक्षक आले. त्यांनी भागाबाईला समक्ष पाहिलं, बॉनेट उघडून इंजिन नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला आणि 'हजर' लिहिलं. मग विचारलं, "इंदिराबाई?"

"बारशाला गेल्यात. हा अर्ज."

"रजा नोकरीत असते, गुरुजी. कार्डावर माणूस असतो किंवा नसतो." आणि त्यांनी इंदिराबाईंच्या नावावर लाल रेघ ओढली.

परत आल्यावर इंदिराबाईंना घेऊन गुरुजी कार्यालयात गेले. आधार नमस्कार करून उभा राहिला आणि नरमाईने म्हणाला, "काकू, तुम्हीच इंदिराबाई, याला पुरावा काय? गाडीचं पुस्तक आहे, इंजिन नंबर आहे. तुमच्याकडे काही आहे?"

इंदिराबाईंच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, शाळेचा दाखलाही नव्हता. चाळीस वर्षं चूल फुंकल्याचं पुस्तक निघत नाही. त्या गुरुजींकडे वळल्या. "तुमनी गाडीले नंबर शे. मना कपाळवरबी ठोका एक."

इंदिराबाईंचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही. गाडी गोठ्यात उभी आहे, तिचं रॉकेल दरमहा बिनबोभाट येतं आणि इंदिराबाई त्यावर स्टो पेटवतात. गुरुजींसारखा मूर्ख तालुक्यात दुसरा नाही, असं सगळे म्हणतात. तुम्हीही आता हसलात. हरकत नाही. फक्त तुमच्या कार्डावर ज्या आजी अजून रॉकेल नेतात, त्यांचं वर्षश्राद्ध कधी झालं, तेवढं सांगा.