माण विषाणूचे जनक

डॉ. अवधूत सोवनींचा निबंध परदेशात वाचला जातो, ही बातमी मिरजेत सर्वांत आधी त्यांच्या पत्नीला, चारुलताबाईंना, कळली आणि त्यांचा त्या बातमीवर मुळीच विश्वास बसला नाही.

"वाचतात? कोण? आणि कशासाठी?" त्यांनी फोनवर विचारलं.

"अगं, शास्त्रज्ञ वाचतात! इथे पुण्याच्या लायब्ररीत सूची पाहिली. आपल्या मेंढ्यांच्या देवीरोगावरच्या निबंधाचा संदर्भ जर्मनीपासून जपानपर्यंत दिलाय. पानभर नावं आहेत!"

"पण त्यांनी लिहिलंय काय?"

"ते कशाला बघायचं? संदर्भ दिला म्हणजे झालं," असं म्हणून सोवनींनी फोन ठेवला.

त्यांच्या आनंदाला कारण होतं. मिरजेच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात ते विषाणुशास्त्र शिकवत, तिथे प्राध्यापक व्हायला पूर्वी निबंधांचा गठ्ठा पुरे. म्हणून सोवनींनी एकाच विषाणूवर उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळे निबंध लिहिले होते. शहाण्णव साली नवा नियम आला: तुमचे निबंध दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात नोंदवले, ते दाखवा. सोवनींचे निबंध तोवर फक्त सोवनीच नोंदवत आले होते. अपवाद मेंढ्यांच्या या एकाच निबंधाचा. माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या बिराप्पा धनगराच्या मेंढ्यांत त्यांना देवीचा अगदी नवा विषाणू सापडला होता आणि त्यांनी त्याचं नाव 'माण विषाणू' ठेवलं होतं.

विभागप्रमुख होते डॉ. लालासाहेब घोरपडे. विभागातल्या प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचं, असा रिवाज होता. निबंध वाचण्याचा मात्र रिवाज नव्हता. हा एकच निबंध त्यांनी परत केला होता. "मेंढरांच्या देवीत माझं नाव नगं. साताऱ्यात पावणं हसत्याल."

पुण्याची बातमी कानावर येताच त्यांनी सोवनींना केबिनमध्ये बोलावलं.

"आवं सोवनी, मार्गदर्शन कुणाचं होतं?"

"सर, तुम्हीच नाव नको म्हणाला होता."

"त्यो माझा नम्रपणा होता! तुमाला कळाय नगं व्हय?"

सोवनींचा गोपनीय अहवाल घोरपडेच लिहीत, त्यामुळे सोवनींना ते लगेच कळलं. आठवड्याभरात सांगलीत सत्कार झाला. शाल सोवनींना आणि भाषण घोरपड्यांचं. "दहिवडीच्या उन्हात मी सोता मेंढरांमागं हिंडलोय," त्यांनी सांगितलं. वास्तविक दहिवडी त्यांनी पाहिलीही नव्हती; ते फार तर महामार्गावरच्या शिरवळला गेले होते, तेही मेव्हण्याच्या कारखान्यात जेवायला. पुढे त्यांनी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला सहीनिशी लिहून दिलं, की कल्पना, नमुने आणि निष्कर्ष सर्वस्वी आपले. सोवनींनी म्हणे फक्त लेखनिकाचं काम केलं.

सोवनी दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग निदान आपली कीर्ती तरी डोळ्यांनी पाहावी म्हणून त्यांनी संदर्भ देणारे निबंध मागवले आणि पहिलाच उघडला. जर्मन शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, की माण विषाणू नवा नसून सरकारी लशीतलाच आहे. लस टोचलेल्या जनावराचा नमुना घेतला तर कशी फजिती होते, याचं हे उत्तम उदाहरण. जपान्यांनी तेच अधिक अदबीनं लिहिलं होतं.

सोवनींनी दहिवडी गाठली.

"बिराप्पा, मेंढ्यांना लस दिली होती का?"

"व्हय की. तुमी यायच्या आधल्या हप्त्यातच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी लय घाईत हुता. म्हनलं, सायेबांनी इचारलं असतंच की."

परतल्यावर सोवनींनी घोरपड्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. घोरपडे हसले. "माझं नाव गाळायला ह्यो डाव व्हय? आता न्हाई जमायचं, गड्या."

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीच्या सकाळी चारुलताबाई म्हणाल्या, "खरं काय ते सांगून टाका. प्रोफेसर नाही झालात तरी जेवायला वाढीनच मी."

सोवनींनी समितीपुढे सांगितलं. "माझी चूक झाली. लस दिली होती का, एवढं मी विचारलं नाही." पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी ते सगळे संदर्भ वाचले होते; समितीत वाचण्याचा आगाऊपणा त्यांनीच केला होता.

"पण तुम्ही का चूक घेताय अंगावर?" त्यांनी विचारलं. "नमुने आणि निष्कर्ष घोरपडेसरांचे, असं त्यांनीच लिहून दिलंय ना?"

विभागप्रमुख म्हणून समितीत बसलेल्या घोरपड्यांना एकदम खोकला आला.

"लेखनिकाचा काय दोष? उलट वरिष्ठाची चूक हा माणूस पोटात घालतोय!" समितीचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले. "आणि संदर्भ तर भरपूर आहेत. चांगले-वाईट असं नियमात कुठं आहे?"

सोवनी पुन्हा पुन्हा "नाही हो, चूक माझीच" म्हणत राहिले आणि समितीला ते अधिकाधिक थोर वाटत गेले. ते प्राध्यापक झाले. घोरपड्यांकडे खुलासा मागितला गेला.

नव्या प्राध्यापकाचं पहिलं काम म्हणून सोवनींनी चूक कबूल करणारा निबंध लिहिला आणि रिवाजाप्रमाणे घोरपड्यांपुढे ठेवला.

"सर, तुमचं नाव पहिलं घातलंय."

"नगं, नगं! तुमी लिवलंय, तुमचंच ऱ्हाऊ द्या," घोरपडे हात जोडून म्हणाले.

नाव एकट्या सोवनींचं छापलं गेलं. त्यांनी आजवर लिहिलेल्या निबंधांत अक्षर न् अक्षर खरं असलेला हा एकच निबंध. त्याचा संदर्भ अजून कोणीही दिलेला नाही.