आधी उतरणारे, मग चढणारे

द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलं की आमचे शेजारी देवरेसाहेब रिक्षातून खाली उतरतात, खिशातून शिट्टी काढतात आणि चौक ताब्यात घेतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रिक्षावाला "काका, बसा हो" म्हणत राहतो, तोवर साहेबांनी एका हाताने कांद्याचा टेम्पो अडवलेला असतो आणि दुसऱ्याने सिटीबस सोडलेली असते. एकदा खऱ्या पोलिसाने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी नागरिक. तुम्ही जरा ती बाजू बघा."

पोलीस मुकाट्याने त्या बाजूला गेला.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कालव्याला पाणी सोडायचं आणि बंद करायचं, यात नोकरी गेली. आता पाणी नाही म्हणून ते माणसं सोडतात. "आवर्तन ठरवून सोडलं की भांडणं होत नाहीत," हे त्यांचं तत्त्वज्ञान. लग्नातल्या बुफेला ते उभे राहिले की जिलबीचं आवर्तन वेगळं, पुरीचं वेगळं. आमच्या लिफ्टसमोर त्यांचं पेटंट वाक्य रोज ऐकू येतं, "आधी उतरणारे, मग चढणारे!" लिफ्टमधून उतरणारं कुणी नसलं तरी ते थोडं थांबतात. शिस्त म्हणून.

असा माणूस माझ्याबरोबर पेरू देशाला आला. माझ्या बायकोने इतका विमानप्रवास साफ नाकारला आणि तिच्या जागी साहेबांनी नाव दिलं. निघताना आमच्या वॉचमनने "येताना माझ्यासाठीपण किलोभर आणा" म्हणून सांगितलं. त्याची समजूत काढण्यात विमान चुकायची वेळ आली.

माचू पिच्चूचे ते डोंगरावरचे अवशेष पाहून आमच्या ग्रुपमधली मंडळी फोटो काढत सुटली. साहेब एका दगडी पाटाशी उकिडवे बसले. शेकडो वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या अरुंद पाटातून पाणी खळखळत होतं. त्यांनी दगडाचा सांधा बोटाने चाचपला आणि भारावलेल्या आवाजात मला विचारलं, "कोण होता हो यांचा डेप्युटी इंजिनियर?"

अवशेषांच्या मागेच वायना पिच्चू नावाचा सुळका उभा आहे. उभा म्हणजे अक्षरशः उभा. कड्यात कोरलेल्या पायऱ्या इतक्या उंच की पाऊल उचललं की गुडघा हनुवटीला लागावा. हाताशी एक लोखंडी दोर, आणि पलीकडे खाली दरीत नदी, सुतळीएवढी. मी आपला हरिहर गड चढलेलो असल्यामुळे घरून निघताना ऐटीत होतो. इथे दहाव्या मिनिटाला मी मारुतीला नारळाचा शब्द देऊन बसलो. साहेब मात्र रोज जेवणानंतर शतपावली घालणारा माणूस जसा चालतो तसे चढत होते. "शिखरावर गेल्याशिवाय मी पाणी पिणार नाही," असंही त्यांनी जाहीर केलं होतं.

शिखर हाकेच्या अंतरावर आलं आणि माणसं तुंबली. वरून उतरणारे आणि खालून चढणारे त्या वीतभर पायऱ्यांवर समोरासमोर येऊन अडकले. कुणी दोर सोडेना. साहेबांच्या डोळ्यांत मी द्वारका चौक पाहिला. पुढच्या क्षणी शिट्टी वाजली.

खालून एक रखवालदार धापा टाकत आला. या जागेवर आवाज करायला बंदी आहे, असं त्याने खुणेने सांगितलं आणि शिट्टी काढून घेतली. साहेबांनी ती शांतपणे दिली. मग तोंडाने सुरुवात केली.

"आधी उतरणारे! मग चढणारे! ओ पिवळी टोपी, भिंतीला चिकटा! ताई, बॅग पुढे घ्या!"

पिवळी टोपी भिंतीला चिकटली. ताईंनी बॅग पुढे घेतली. टोपी जर्मन असावी आणि ताई ब्राझीलच्या, पण मराठी कुणालाच अडलं नाही. रखवालदारसुद्धा "आदी, आदी" म्हणून हात हलवू लागला. मला उगाच देशाचा अभिमान वाटला.

सगळं सुरळीत सुटलं, पण उतरणाऱ्यांतली एक पांढऱ्या केसांची बाई हलेना. पायरीवर बसून, कड्याला मिठी मारून तिने डोळे गच्च मिटले होते. रखवालदार तिच्या भाषेत समजावत होता, ती मान हलवून नाही म्हणत होती. तिच्यामागे पुन्हा माणसं तुंबली. मला वाटलं, आता साहेब तिलाही दरडावणार.

ते वर गेले आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "भ्यावू नको माय. मी शे ना आठे."

मी चमकलो. 'मी आहे ना इथे,' हे त्यांनी घरच्या बोलीत म्हटलं होतं. साहेब मूळचे सटाण्याकडचे, पण बाहेर कुणाशी अहिराणी बोलत नसत. ती फक्त त्यांच्या घरातून ऐकू यायची, देवरेवहिनी होत्या तोवर.

बाईने डोळे उघडले. साहेबांनी दरीकडे पाठ केली, तिचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि उलटे उतरायला लागले. तिचा बूट तळहातावर घ्यायचा, खालच्या पायरीवर टेकवायचा. "आते डावा पाय. शाब्बास माय." वरची माणसं खोळंबली होती, मागून कुणीतरी घाई करत होतं. साहेबांनी एकदाही मान वर करून रांगेकडे पाहिलं नाही.

वहिनींची एक बाजू लुळी पडल्यावर, लिफ्ट अजून बसली नव्हती तेव्हा, आमच्या जिन्यावरून ते त्यांना असेच उतरवायचे. रोज संध्याकाळी, खाली बाकावर बसवण्यासाठी. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली.

पायथ्याशी पोहोचल्यावर बाईने साहेबांना मिठी मारली, गालाचा मुका घेतला आणि त्यांचे हात धरून खूप काही बोलली. साहेब लाजून म्हणत राहिले, "हो, हो. सावकाश जा."

एका तिकिटावर पुन्हा वर सोडणार नव्हते. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "साहेब, शिखर तेवढं राहिलं तुमचं."

"राहू द्या."

ते डाव्या खांद्यावर हात ठेवून बसले होते.

"दुखतोय का?"

"नाही हो," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "सगळा भार टाकला होता तिने. बऱ्याच दिवसांत कुणी टाकला नव्हता."