गुणवंतमामा फोनला उत्तर देतात

आमचे गुणवंतमामा फोनवर बोलत नाहीत, फोनशी बोलतात. पडद्यावर जे उमटेल ते आधी खणखणीत आवाजात वाचायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. वाचताना भाषा एकदम शुद्ध, कारण सगळी नोकरी अमरावतीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. उत्तर मात्र अस्सल वऱ्हाडी. "आपली बॅटरी कमी आहे," असं मामा पुकारतात आणि लगेच म्हणतात, "असू दे बावा, माहीबी कमीच हाय."

शेजाऱ्यांना वाटतं, घरात दोन माणसं राहतात. राहतात एकटेच. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "गाडी लागली होती वं फलाटावर. मी पुकारतच रायलो, बसायचं राहून गेलं."

मी त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, अकोल्याची. पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आमचं बचतीचं ॲप आहे, मोबाईलवर बसल्या बसल्या खातं उघडायचं. पण लोक उघडायला घेतात आणि वारसदाराच्या पानावर आले की पसार होतात. ते का पळतात, हे कुणाच्या तरी घरी बसून बघायचं काम केतकी मॅडमनी माझ्या गळ्यात मारलं. मामाही त्याच पानावरून पळणाऱ्यांतले. विचारलं की एकच उत्तर, "रेंज गेली." म्हणून मी थेट अमरावती गाठली, लॅपटॉप मांडला आणि त्यावर व्हिडिओ कॉलने पुण्याहून मॅडमना बसवलं.

सुरुवातच फजितीने झाली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मॅडमची ओळख करून देताना मामांना आठवलं की मी आल्यापासून ते राहिलंच. ते वाकले ते पडद्यावरून गायबच झाले.

"अगं, ते पडले का?" मॅडम किंचाळल्या.

"पाया पडले, मॅडम."

"कुणाच्या?"

"माझ्या."

वाटलं, लॅपटॉप मिटून परतीची गाडी धरावी.

मग ॲप उघडलं. मामांनी घसा साफ केला. "आपले स्वागत आहे. पुढे जा." आणि फोन धाडकन टेबलावर ठेवला. "स्वागत हाय म्हनते अन् लगेच पुढे जा म्हनते? मी काय भिकमांग्या हाय का वं?"

"मामा, ते बटण आहे. दाबायचं असतं."

"दारात आलेल्याले असं बोलतात काय? या म्हना, बसा म्हना."

मॅडम खाली मान घालून भराभर लिहून घेत होत्या. मी हातानेच मामांना 'पुरे' म्हणत होते.

पुढे ॲपने ओटीपी मागितला. मामांनी मेसेज पुकारला, "हा क्रमांक कोणालाही सांगू नका." मग ॲपकडे संशयाने पाहिलं. "अन् हा मागून रायला! चोरच हाय." फोटोसाठी ॲपने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, तर म्हणाले, "या वयात कोनाले डोये मारू?" मॅडम खो खो हसल्या. मला हसू येईना. माझा मामा पुण्यात तमाशा होऊन बसला होता, आणि तो मीच मांडला होता.

आणि आलं एकदाचं ते पान. "वारसदाराचे नाव," मामांनी पुकारलं आणि सावकाश माझं नाव टाकलं. बाबांच्या नावासकट, पूर्ण. मला हे ठाऊकच नव्हतं.

"वारसदाराशी नाते." आवाज जरा बसला. "पत्नी. मुलगा. मुलगी. आई. वडील. इतर."

पुढे उत्तरच नाही. फोनला मामांनी उत्तर दिलं नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"इतर दाबा ना, मामा."

ते माझ्याकडे वळले आणि मॅडमना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "इतर म्हंजे रस्त्यानं जानारा. तुले इतर कसा म्हनू? मी दरखेपी 'मुलगी' दाबतो. मंग वाटते, सख्ख्या बहिनीची लेक चोरून रायलो. लाज वाटते, बंद करून टाकतो. तुह्या मायले नको सांगजो."

मला वाटलं, धरणी दुभंगावी. ती यादी मीच छाटली होती. आधी तिच्यात भाचा, भाची, पुतण्या, सून, सगळं गणगोत होतं. 'किती ती गर्दी' म्हणून मी सगळ्यांना एका 'इतर'मध्ये कोंबलं आणि पान कसं सुटसुटीत झालं म्हणून शाबासकीही घेतली.

"का थांबले ते?" मॅडमनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

"यादीत भाची नाहीये, मॅडम."

"अरे हो! कुणी केली होती गं ती यादी?"

माझी मान खाली गेली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले. लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि स्टँडवरच्या त्याच शुद्ध भाषेत म्हणाले, "मॅडम, यादी उत्तम आहे. माझ्याच नजरेची चूक झाली. चष्मा घरी राहिला."

आम्ही त्यांच्याच घरात बसलो होतो. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"मामा, थांबा," मी म्हणाले. पण तोवर त्यांनी 'इतर' दाबलं होतं.