परबकाका आणि दुपारची लिफ्ट

आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद ठेवायची, ही कल्पना माझी होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नोटिशीखाली ‘कमिटीच्या आदेशावरून’ असं लिहिलं की माणूस दिसेनासा होतो. आणि सेक्रेटरी असल्यामुळे ते लिहिणाराही मीच. सोसायटीचं विजेचं बिल वाढलं होतं. दुपारी वर-खाली करतंय कोण, असा माझा विचार. मी त्या वेळी ऑफिसात असायचो.

पण सांगायचंय ते तळमजल्यावरच्या दत्ताराम परबांबद्दल.

मुलुंड पूर्वेच्या भाजीगल्लीत तुम्ही त्यांना पाहिलं असेल. डोक्यावर निळी टोपी, टोपीवर काडेपेटीएवढं सोलर पॅनेल आणि कपाळासमोर इवलासा पंखा. टोपी नातवासाठी घेतलेली. नातू परदेशी गेला, टोपी काकांच्या डोक्यावर राहिली. उन्हात पंखा भिरभिरतो, सावलीत थांबतो. थांबला की काका रस्ता ओलांडून उन्हात जातात. अख्खं मुलुंड सावली धरून चालतं, परबकाका ऊन धरून.

सूर्याला ते ‘सायेब’ म्हणतात. सकाळी गेटवर भेटले की नमस्कार वगैरे नाही. मान वर करून, “सायेब इले!” ढग असले तर, “आज सायेब रजेर.” सगळं आयुष्य बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीसमोर गेलेलं. “अरे सावंता, ऊब म्हणजे काय ता माका विचार. आमी तेच्यासाठी डिझेल जाळला. आनि हय गच्चीर सायेब फुकट ओततत, तर कोणाक पडलेली नाय!”

माझी नोटीस लागली आणि काकांच्या डोक्यात गच्चीवरचं सोलर शिरलं. पुढच्या जनरल बॉडीत ते उभेच राहिले. “सायेबांची फुल्ल ड्युटी दुपारची. आनि तुमी दुपारचीच लिफ्ट बंद करतास? ही अक्कल कोणाची?”

“कमिटीचा निर्णय आहे, काका,” मी समोरच्या कागदात बघत म्हणालो.

“त्या कमिटीतल्या शाण्याक एकदा भर दुपारी पाचव्या माळ्यार चालत चढवक होयो!”

सगळे हसले. पाचव्या मजल्यावर मी राहतो. मीही हसलो.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “पण काका, तुम्ही तर तळमजल्यावर. तुम्हाला कशाला हवीय लिफ्ट?” एरवी कोणाला बोलू न देणारा हा माणूस टोपी काढून तिचा पंखा बोटाने फिरवत बसला. “जनहित,” एवढंच म्हणाला.

मग संमतीसाठी घरोघरी फेऱ्या सुरू झाल्या. पद्धत ठरलेली. बेल वाजवून आत जायचं. आत टोपीचा पंखा बंद. मग घरमालकाला मनगट धरून बाल्कनीत ओढायचं, पंखा चालू. “बघलंस? ह्याच गच्चीर मोठा करूचा आसा!” कुकरच्या शिट्ट्या होवोत, नाही तर माणसाची अर्धी दाढी व्हायची असो. लोकांनी आधी थट्टा केली, मग सुटका व्हावी म्हणून सह्या दिल्या, आणि सही दिल्यावर आपणच दिलीय म्हणून शेजाऱ्याला पटवायला लागले. शेवटी उरल्या चौथ्या मजल्यावरच्या शहाबेन.

“काका, गच्ची तुमच्या काचांनी भरली, तर माझा पापड कुठे सुकवायचा?”

काकांनी पॅनेल बसवायचं काम घेतलेल्या माणसाला गच्चीवर उभं करून आराखडा बदलायला लावला. टाकीजवळचा कोपरा पापडांसाठी मोकळा. बेननी सही केली.

पॅनेल बसली, लिफ्ट दिवसभर सुरू झाली. नोटीस मी स्वतःच्या हाताने काढली, आणि घडी करून खिशात घातली. मग एका दुपारी काकांच्या मोबाईलवर दिसणारा पॅनेलच्या विजेचा आकडा एकदम खाली आला. आकाश तर लख्ख. काका गच्चीवर धावले, तर पॅनेलच्या पुढच्या रांगेवर जुनी साडी अंथरलेली, आणि तिच्यावर उडदाचे पापड.

“बेन! सायेबांच्या तोंडार पापड?”

“पण काका, काच काय मस्त तापते! कोपऱ्यात दोन दिवस लागतात.”

काकांनी एक पापड हातात घेऊन वाकवून पाहिला. “सुकलेत मात्र झकास,” त्यांनी कबूल केलं, आणि स्वतःच एकेक उचलून डब्यात भरायला लागले. हल्ली दर रविवारी निम्मी इमारत बादल्या घेऊन पॅनेल धुवायला वर असते. बेन तळलेले पापड आणतात. मी फोटो काढतो.

लिफ्ट बंद होती त्या दिवसांत माझ्या आईने मला एकदाच विचारलं होतं, “लिप चाराकच चालू होता मां रे?” मी हो म्हणालो. पुढे तीही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

परवा ताप आला म्हणून ऑफिसातून दुपारीच परतलो. घरात आई नाही. काठी नाही, चपला नाहीत. तसाच लिफ्टने खाली आलो, तर परबांच्या अर्धवट लोटलेल्या दारातून आवाज आला.

“दत्तू, जेवलंस काय रे?” माझी आई.

“जेवलंय गे.”

“काय जेवलंस?”

“पेज.”

“नुसती पेज? बायको गेल्यापासना तुझा जेवणाकडे लक्षच नाय. लोणचा हाडलंय, घे.”

आईचं आणि काकांचं गाव शेजारशेजारचं, हे मला माहीत होतं. ती रोज दुपारी मी नसताना खाली येते, हे माहीत नव्हतं. परबांना दत्तू म्हणणारं आता दुसरं कोणीही उरलेलं नाही, हे त्या दारापाशी लक्षात आलं. फटीतून काका दिसत होते. टोपी मांडीवर होती. खोलीत उन्हाचा कवडसाही नव्हता, पंखा थांबलेला होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी बेल वाजवली नाही. लिफ्ट समोर उभी होती. मी अंगात ताप घेऊन, भर दुपारी, पाचव्या मजल्यापर्यंत चालत चढलो.

त्याने काही फिटलं नाही. लिफ्ट बंद करणारा शहाणा मी होतो, हे परबकाकांना सांगायचं अजून राहिलं आहे. आणि आईला.